छातीत दुखतं का?

४ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन वाजला की दादा उडी मारून उचलतो, स्पीकरवर टाकतो आणि स्वतःच बोलत बसतो. मला सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे. त्याला पत्रं वाचायचा कंटाळा, हे आपल्या पथ्यावरच पडलं.

परवा तो बस घेऊन आमच्या स्टँडवर आला होता. परतीच्या फेरीला अवकाश होता म्हणून युनिफॉर्ममध्येच मला हॉस्पिटलात भेटायला आला. जिना चढून ओपीडीच्या दारात उभा राहिला आणि खिसे चाचपायला लागला. म्हटलं, काय शोधतोस? म्हणे, काही नाही. त्याला दम खायचा होता गं, आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं. मी काय आज नर्स झालेय? दंडाला धरला आणि थेट मामंजींपुढे नेऊन बसवला.

मामंजी म्हणजे आमचा नवा कॉम्प्युटर. सगळ्या लहान हॉस्पिटलांना दिलाय. वय, वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, सगळं भरलं की तो सांगतो या माणसाच्या हृदयाला धोका किती आणि पुढे काय करायचं. हिरवा आला तर घरी जा, रोज चाला. पिवळा आला तर गोळ्या आणि मोठ्या हॉस्पिटलची एक तारीख, जी यायच्या आत माणूस वाट बघून कंटाळतो. लाल आला तर मात्र मोठ्या हॉस्पिटलात ताबडतोब नंबर, नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. नाव आमच्या वॉर्डातल्या मावशींनी ठेवलं. जागचे हलत नाहीत, कुणाचं ऐकून घेत नाहीत आणि घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही, म्हणून मामंजी.

दादा पिवळा आला. मला काही तो रंग पटेना. आता ऐक, आणि कुणापाशी बोलू नकोस. त्यात एक प्रश्न असतो, 'छातीत दुखतं का?' दादा म्हणाला, छे! तो हात धुवायला उठला आणि मी तिथे 'हो' करून टाकलं. मामंजी लगेच लालेलाल. आमच्याकडे सगळ्याच सिस्टर करतात हे. पिवळ्यांचं पुढे काय होतं ते आम्ही बघितलंय, त्यामुळे ज्याचा चेहरा बरा दिसत नाही त्याच्या छातीत आम्हीच दुखवतो. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करतात, बिचारा भला माणूस आहे. तारीख येईल ती कळवते. तू फक्त त्याला मानगुटीला धरून घेऊन ये.

तुझी
शेंडेफळ


१३ मार्च

प्रिय वन्सं,

हे अंघोळीला गेले तेव्हा उभ्याउभ्या पत्र वाचलं. कॉम्प्युटरला मामंजी म्हणता? माझे खरे मामंजी, म्हणजे तुमचे वडील, आज असते तर तुम्हाला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

पण वन्सं, छातीत दुखतं असं कशाला हो लिहिलंत? डेपोत कळलं म्हणजे? यांच्या बरोबरीच्या एका ड्रायव्हरच्या तपासणीत मागे असंच काहीतरी आलं. लगेच गाडीवरून उतरवला आणि चौकशीच्या खिडकीत नेऊन बसवला. हे त्याला भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, तो आता काचेआड बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगतो. तुमच्या दादांना तुम्ही ओळखता. स्टिअरिंग काढून घेतलं तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल.

आणि यांना तसं काही नाही. जड खाल्लं की थोडा गॅस होतो, एवढंच. हल्ली बूट घालायला पायरीवर बसतात, पण आता वय का लपणार आहे, माझेही गुडघे वाजतात. परवा बाजारातून येताना दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि स्वतः मोकळ्या हातांनी चालायला लागले. म्हटलं, आज काय राजेसाहेब? तर नुसते हसले. मी म्हटलं, चला, निदान हसले तरी.

तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका.

तुमची
वहिनी


२१ मार्च

प्रिय वहिनी,

आली तारीख! नऊ एप्रिल. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते.

तुझा गॅस मला काही पटला नाही हं. बूट घालायला बसतो, पिशव्या देतो, हे काय आहे? पण दुखत नाही म्हणतेस ते ऐकून जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण वेळेत आहोत. दुखायला लागायच्या आत नळी घालून झाली की सुटलो. डेपोचं म्हणशील तर माझ्या माहितीप्रमाणे हे कागद तिकडे जात नाहीत.

एकच घोळ झालाय. मोठ्या हॉस्पिटलातून विचारणा आली, तुमच्या एवढ्याशा हॉस्पिटलात लाल माणसं इतकी कशी? आता ते प्रत्येक लाल पेशंटला फोन करून खात्री करणार आहेत. कुणी बाई विचारेल, छातीत दुखतं का? दादाने फक्त हो म्हणायचं. 'जिना चढताना दुखतं, थांबलं की राहतं,' एवढं त्याच्याकडून घोकून घे. शाळेत पाढे म्हणताना अडखळायचा, पण एवढं एक वाक्य जमेल त्याला. तो आरडाओरडा करील, करू दे. माझ्यावर ढकल.

तुझी
शेंडेफळ


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

फोन येऊन गेला आणि सगळं पाण्यात गेलं.

मी त्यांना पढवलं होतं हो. आधी भडकले, म्हणाले शेंडेफळाला लहानपणी चार फटके कमी पडले. मग माझं तोंड बघून तयार झाले. येता-जाता मी विचारायची, छातीत दुखतं का? आणि हे हाताची घडी घालून म्हणायचे, 'हो बाई, जिना चढताना दुखतं, थांबलं की राहतं.' आम्ही दोघंही हसायचो. मला वाटलं, जमलं.

सोमवारी फोन आला. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. बाई बोलायला गोड होती. नाव विचारलं, वय विचारलं, काम काय करता विचारलं. हे म्हणाले, बस चालवतो. तर ती म्हणाली, मग दुखत असेल तर नियमाप्रमाणे तुमच्या डेपोला कळवावं लागेल. यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, 'छे हो, कुठे दुखतंय? माझी बहीण नर्स आहे, तिने काळजीपोटी उगाच लिहिलंय.' फोन ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले. मी हातातला शर्ट तसाच धरून बसले. फोन हिसकावून घ्यायचा होता मी. हातच पुढे झाला नाही.

आता मागच्या पत्रात तुमच्यापासून लपवलं ते सांगते. दुखतं त्यांना, वन्सं. थंडीपासून दुखतं. जिन्याच्या वळणावर थांबतात, आणि मी मागून येताना दिसले की भिंतीचा रंग कुठे उडालाय ते बघत असल्यासारखं करतात. मला शपथ घातली होती, शेंडेफळाला कळता कामा नये म्हणून. तुम्हाला वाटलं तुम्ही खोटं लिहिलंत. ते खरं होतं. मी पढवत होते आणि हसत होते, तेव्हा ते हसत हसत मला खरंच सांगत होते.

मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण आता काय करायचं ते सांगा, माझं डोकं चालत नाही.

तुमची
वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

आज प्रिय वगैरे राहू दे. तुझ्यावर चिडलेय, दादावर चिडलेय, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

पत्र वाचलं आणि तशीच उठून दादाचं नाव उघडलं. पिवळा. नऊ तारीख दुसऱ्या कुणाला देऊन टाकलीय. मी पुन्हा 'हो' करायला गेले तर त्या प्रश्नाला कुलूप. पेशंटने स्वतः नाकारलेलं दुखणं पुन्हा भरायचं तर मोठ्या हॉस्पिटलची परवानगी लागते म्हणे. डॉक्टरांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'डॉक्टर, तुमच्याकडचे लाल आम्हाला चांगले माहीत आहेत. फोन केले की निम्मे म्हणतात, आम्हाला काही दुखत नाही. त्यातलं आता कोणतं खरं धरू?' डॉक्टर फोन ठेवून चष्मा पुसत बसले.

त्या माणसाचं काय चुकलं, सांग? आम्ही मारे लोकांवर उपकार करत सुटलो होतो. इतकी खोटी दुखणी भरली की खऱ्याला कुणी विचारेना. आणि ज्यांनी फोनवर नाही म्हटलं त्यांतले दादासारखे किती असतील, ते कोण सांगणार?

आता नीट ऐक. दुखायला लागलं की तारीख नाही, कागद नाही, मिळेल ती गाडी करून मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं. दुखत असताना कार्डिओग्राम निघाला तर मामंजींनाही मान खाली घालावी लागेल. निवांत बसलेल्या माणसाचा चांगला येतो, तो कागद नाचवून दादा तुला गंडवेल, फसू नकोस. आणि त्याला गाडीवरून उतरव. त्याच्या मागे बसभर माणसं बसतात, त्यांच्या घरीही कुणी वाट बघत असतं. भांड, रड, पाया पड, काहीही कर.

शेंडेफळ


१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

भांडले, रडले, पायाही पडले. ते म्हणाले, उठ, गुडघे दुखतील तुझे.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं. टेबलावरच राहिलं होतं. वाचून त्याची नीट घडी केली. मग म्हणाले, दे इकडे, मी लिहितो तिला. खाली त्यांचंच अक्षर आहे, मला तर ते धड वाचताही येत नाही.

तुमची
वहिनी

शेंडेफळ, तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे माझ्याच छातीची पत्रं पाठवता, वा! नर्सबाई, तुझी माणसांची गोष्ट मात्र लागली मला. माझ्या मागे लोक बिनघोर झोपतात, ते मला आरशात दिसतं. म्हणून तर नीट चालवतो. दुखतं, पण थोडं. थांबलं की राहतं, तूच शिकवलेलं. महिनाअखेरची रजा टाकलीय. येतो, तुझ्या मामंजींपुढे मांडी घालून बसतो आणि शपथेवर सांगतो की दुखतं. मग बसवा मला त्या खिडकीत. तिथला आमचा गडी आता कुणी वेळ विचारली तरी मान वर करत नाही. तेवढे थोडे दिवस मला गाडी चालवू द्या. आणि तुझ्या वहिनीला घाबरवत जाऊ नकोस, ती हल्ली मी जेवत असताना माझ्याकडेच बघत बसते, घास उतरत नाही. – दादा


१२ मे

प्रिय वन्सं,

तुम्ही परत गेलात आणि घर खायला उठलंय. यांना टेकूने बसवलं तर तासभर बसतात. न्हाणीघरापर्यंत चालून आले की डोळे मिटून पडतात. आवाज मात्र तोच आहे, काल शेजाऱ्यांच्या गाडीच्या इंजिनाला नावं ठेवत होते.

काल त्यांचा कंडक्टर येऊन गेला. तुम्ही इथे होतात तेव्हा आला नाही, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही म्हणाला. त्या दिवशी, रजा लागायच्या आधीच, डेपोतून निघताना यांना घाम फुटला होता. तो म्हणाला, बदली ड्रायव्हर मागू या. हे म्हणाले, गॅस आहे, घंटी दे. अर्ध्या वाटेवर गाडी हळू झाली, कडेला अगदी नीट लागली, ब्रेक ओढला, मागचे दिवे लावले. मग मागे वळून म्हणाले, 'पाच मिनिटं हं, इंजिन तापलंय.' आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. लोक खाली उतरून पाय मोकळे करत होते. कुणाला कळलंच नाही, वन्सं. कंडक्टरलाही वाटलं, डोळा लागला असेल. बराच वेळ गेल्यावर तो हाक मारायला गेला. हे सांगताना तो माणूस लहान मुलासारखा रडत होता. मी त्याला पाणी दिलं.

कुणाला साधं खरचटलंही नाही, हे मला यांना रोज सांगावं लागतं. ऐकलं की बरं वाटतं त्यांना.

मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर जे बोलले ते तुमच्यासमोरच बोलले. आणायला फार उशीर झाला, अर्ध्याहून जास्त हृदय मेलंय, आता नळी घालून उपयोग नाही, ऑपरेशन झेपणार नाही. तेव्हा मी तुम्हाला एक विचारलं नाही, आता विचारते. नऊ एप्रिलला गेलो असतो तर? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहिलंत तर ते कळेल मला.

तुमची
वहिनी


२० मे

प्रिय वहिनी,

खरं विचारलंस म्हणून खरंच सांगते. बहुतेक वाचला असता. रक्तवाहिनी मोकळी केली असती, आणि तो त्या खिडकीत बसून आल्यागेल्यावर डाफरत म्हातारा झाला असता. तुझ्याशी खोटं बोलायचं बळ आता माझ्यात नाही.

काल दादाचे नवे आकडे भरले. मामंजींनी लाल दिला. खाली लिहून आलं, ताबडतोब नळी घालून तपासणी करावी. मी त्या पडद्याला काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वॉर्डातल्या मावशी धावत आल्या आणि मला धरून बाहेर घेऊन गेल्या.

आणि ऐक, आता वरून हुकूम आलाय की प्रत्येक हॉस्पिटलने आपापल्या लाल पेशंटांना स्वतःच फोन करून खात्री करायची. डॉक्टरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी हात जोडले, म्हटलं, मला नका देऊ. ते म्हणाले, सिस्टर, नाही म्हणणारा माणूस खरा की खोटा हे तुमच्याइतकं आता कुणाला कळणार? बोलले ते प्रेमानेच. पण मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दादाला म्हणावं, शेंडेफळ रविवारी येतेय.

तुझी
शेंडेफळ


२८ जुलै

प्रिय वन्सं,

हे गेले त्याला महिना होईल. तुम्ही होतात तोवर माणसांची ये-जा होती. आता दुपारी घरात नुसती घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मी अजून दोन माणसांचा चहा टाकते आणि मग एकटीच पिते, टाकून द्यायचा जीव होत नाही.

डेपोतून पत्र आलंय. इतक्या वर्षांत एकही अपघात नाही, असं त्यात लिहिलंय. दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. त्यांना आवडलं असतं.

तुमचं ते फोनचं काम चालू आहे ना? मी इथे बसून त्याचाच विचार करते. तुम्ही त्या लोकांना सांगा ना, वन्सं. नुसतं विचारू नका. आमच्या यांचं सांगा. सांगा की एक ड्रायव्हर होता, बायकोसमोर पाठ म्हणून दाखवायचा आणि फोनवर नाही म्हणाला. आमची लाज बाळगू नका. घरातल्या बाईला फोन द्यायला सांगा. एक जरी माणूस ऐकून हो म्हणाला तरी मी समजेन की ते उगाच गेले नाहीत.

तुमची
वहिनी


१० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू सांगायच्या आधीच मी ते करून बसले होते. सुरुवातीला ज्याला फोन लावीन त्याला दादाचं सांगायची. म्हणायची, माझा सख्खा भाऊ होता हो, लपवू नका. काही बायका फोनवरच रडायला लागायच्या. माणसं घाबरून हो म्हणायला लागली. दुखत असलेली म्हणाली आणि न दुखत असलेलीही म्हणाली. यादी पुन्हा लालेलाल. मोठ्या हॉस्पिटलातून पुन्हा विचारणा आली, पुन्हा आमच्या एकाही लालवर कुणी विश्वास ठेवीना. तुझा तो एक माणूस त्या यादीत होता की नाही, मला कधीच कळणार नाही.

मग त्यांनी फोनवरची बोलणी ऐकली. सगळं रेकॉर्ड होतं. डॉक्टरांना माझ्यामुळे बोलणी खावी लागली. आता प्रश्न समोर छापून ठेवलेत. आहे तसा वाचायचा, वर एक शब्द बोलायचा नाही, घरच्यांशी बोलायचं नाही. काम काय करता, दुखत असेल तर मालकाला कळवावं लागेल, हेही वाचूनच दाखवायचं. मी न वाचता पुढे गेले तर फोन बाद धरतात आणि त्या माणसाचा नंबरच जातो. मग वाचते.

काल एका गवंड्याला फोन लावला. उंचावर काम करतो म्हणाला. मालकाला कळवावं लागेल, ते वाचून दाखवलं. मग विचारलं, छातीत दुखतं का? पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, वहिनी. तसला श्वास मी ओळखते. मग म्हणाला, नाही. मी म्हटलं, नीट आठवून सांगा, घाई नाही. एवढंसुद्धा बोलायची परवानगी नाही मला. तो म्हणाला, बाई, एकदा सांगितलं ना, नाही म्हणून. रागावला नव्हता गं. विनवत होता.

मी 'नाही' दाबलं. त्याचं नाव पिवळं झालं आणि यादीत खाली गेलं. मग मी पुढचा नंबर लावला.

तुझी
शेंडेफळ